आत्याची ओळ

हूफडॉर्पात त्या शुक्रवारी धुकं इतकं खाली उतरलं होतं की समोरच्या घरांना तळमजलाच उरला नव्हता. नुसती छपरं तरंगत होती. बाळाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेल्या शोभाबाईंना वाटलं, हे गाव कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसलंय आणि सकाळी पुन्हा काढायला घेतलंय, पण कंटाळा आला म्हणून वरचंवरचंच काढून ठेवलंय. पांढऱ्यातून एक सायकल उगवली, पांढऱ्यातच गेली. मागे तिची घंटी तेवढी राहिली.

बाळ दहा दिवसांचं होतं. मुलगी. डोळे उघडले की ती कुठंतरी लांब बघत राहायची, जणू जिथून आली तिकडचं तिला अजून थोडं थोडं दिसत होतं. तिला नाव नव्हतं.

म्हणजे होतं, पण घरात नव्हतं. बाळाचा बाप शैलेंद्र, शोभाबाईंचा मुलगा, तिसऱ्याच दिवशी इथल्या डच नगरपालिकेत, खेमेंटेत, जाऊन नाव नोंदवून आला होता. इथं तीन दिवसांत नोंदवावंच लागतं. परत आला तो दारातच शोभाबाईंनी त्याला गाठलं.

"सांगून आलास सगळ्या गावाला?"

"आई, कायदा आहे इथला."

"असू दे कायदा. पण या घरात ते नाव बारशाआधी कुणाच्या तोंडातून बाहेर पडलं, तर मी मिळेल त्या विमानानं फलटणला जाईन. आधी कानात, मग गावात. पोरीला स्वतःचं नाव माहीत नाही आणि खेमेंटेतल्या कारकुनाला माहीत, ही कुठली रीत?"

तेव्हापासून घरात तिला ठकी म्हणत. सुनेला, वैदेहीला, ते काही आवडत नव्हतं. पण बाळंतीण बाई, सासूशी भांडायला अंगात ताकद हवी.

खरं तर या देशावर शोभाबाईंचा राग नव्हता. इतकी वर्षं हा देश म्हणजे त्यांना फोनमध्ये लेकाच्या मागं दिसणारी एक भिंत होती. आता भिंतीच्या आत येऊन तीन आठवडे झाले होते आणि काही काही गोष्टी पटतही होत्या. बाळ झालं तेव्हा शेजारीण आली, तिनं कडक टोस्टवर लोणी लावून त्यावर बडीशेपेच्या गुलाबी साखरगोळ्या पेरून दिल्या. बाळ झालं की इथं हेच वाटतात म्हणे. "बाळंतिणीला बडीशेप," शोभाबाई म्हणाल्या, "एवढी अक्कल आहे म्हणजे माणसं वाईट नाहीत."

पटत नव्हती ती एकच गोष्ट, आणि ती त्या कुणाला बोलून दाखवत नव्हत्या. रविवारी दुपारी बाराला बारसं होतं. नाव ठेवायला आत्या लागते. बाळाला सख्खी आत्या होती, आसावरी, शोभाबाईंची थोरली. ती कुठं लांब अमेरिकेत नव्हती. याच देशात आइंडहोव्हनला होती, आगगाडीनं दीड-दोन तासांवर. तीन आठवड्यांत ती आली नव्हती आणि शोभाबाईंनी तिला बोलावलं नव्हतं. वैदेहीनं एकदा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आत्याच हवी ना? ती तुझी बुइटनव्हेल्डर्टची मैत्रीण, उत्तरा, तिला बसव. कानात कुर्र करायला काय, कुणाचंही तोंड चालतं."

वैदेही मान खाली घालून बाळाची दुपटी घडी करत राहिली. एकच दुपटं तिनं तीनदा घडी केलं.

*

दहाच्या सुमाराला शैलेंद्र म्हणाला, "आई, चल हारलेमला. कार्ड छापायचंय. तुला छापखाना दाखवतो."

इथं बाळ झालं की छापील कार्ड पाठवतात. बाळाचं नाव, तारीख, आईबाप. हे शोभाबाईंना माहीत होतं, कारण यावरही भांडण होऊन गेलं होतं. बारशाआधी नाव कागदावर येणार म्हणून त्यांनी आकांडतांडव केलं. शेवटी असं ठरलं की कार्ड आधी छापून ठेवायचं आणि बारसं झाल्यावरच पोस्टात टाकायचं. तोवर कुणी बघायचं नाही.

"मला कशाला नेतोस? छापखाने काय कमी पाहिलेत मी?"

"असला तू इथं येऊन पाहिला नसशील. खिळ्यांचा आहे, शिशाच्या अक्षरांचा."

शोभाबाईंनी उठून कोट घातला.

बस धुक्यातून निघाली. दोन्ही बाजूंना सपाट शेतं आणि शेतांच्या कडेनं पाण्याच्या सरळ रेघा. कुठं पाणी संपतं आणि कुठं आभाळ लागतं ते कळत नव्हतं. शैलेंद्र सांगत होता, की हे सगळं मोठं तळं होतं, ते पंप लावून उपसलं आणि खालच्या मातीवर ही गावं वसवली.

"म्हणजे आपण तळ्याच्या तळाशी राहतो?"

"तसंच म्हण."

खिडकीला डोकं टेकून शोभाबाई बघत राहिल्या. वरून कुणी होडीतून वाकून पाहिलं तर त्याला तळाशी काय दिसेल? एक बस, बसमध्ये एक म्हातारी, नऊवारीवर लोकरीचा कोट. बस इतकी हळू, इतकी निःशब्द चालली होती की त्यांचा डोळा लागला, आणि मासे खिडकीपाशी येऊन काचेवरून काहीतरी वाचतायत असं त्यांना दिसलं.

*

छापखाना एका बोळात होता. दार उघडलं आणि आधी वास आला. रॉकेल, जवसाचं तेल, शिसं, आणि या सगळ्यांच्या मागे ओल्या कागदाचा वास. शोभाबाई उंबऱ्यातच थांबल्या. आतली माणसं, भिंती, लेक, सगळं क्षणभर विरघळलं आणि त्या अठरा वर्षांच्या झाल्या.

छापखान्याच्या मालकीणबाई योहाना म्हणून होत्या. सत्तरीच्या, उंच, पाठीवर पांढरी वेणी. हात पुढं करून काहीतरी म्हणाल्या. शोभाबाईंनी हात हातात घेतला आणि आधी नखं बघितली. नखांच्या कडांत काळी शाई होती, धुऊन न जाणारी.

"खरी आहे बाई," त्या मराठीत म्हणाल्या. "हिला सांग, हिच्या नखांवर माझा विश्वास बसला."

शैलेंद्रनं काय सांगितलं देव जाणे, पण योहानाबाई मोठ्यानं हसल्या आणि त्यांनी आतल्या खोलीत नेलं. भिंतीला लाकडी खणांच्या उंच मांडण्या होत्या, प्रत्येक खणात शिशाची अक्षरं. मधोमध दगडी मेज, आणि पलीकडे काळं, माणसाएवढं उंच, हातानं ओढायचं यंत्र. खिडकीतून आत येणारा धुक्याचा उजेड त्याच्यावर दुधासारखा सांडला होता.

योहानाबाई बोलू लागल्या, शैलेंद्र अर्थ सांगू लागला. या गावच्या चौकात एक पुतळा आहे, हातात एक अक्षर धरलेला. गावातले लोक म्हणायचे, छापायची कला त्यानंच काढली. नातवंडांबरोबर रानात फिरताना त्यानं झाडाच्या सालीतून अक्षरं कोरली, एक अक्षर वाळूत पडलं, उचललं तर खाली त्याचा ठसा उमटलेला. जर्मनीतले लोक मात्र हे मानत नाहीत. ते म्हणतात, ही कला आमच्याकडे जन्मली, आणि जग त्यांचंच ऐकतं.

"म्हणजे दोन गावं एकाच पाळण्याची दोरी ओढतायत," शोभाबाई म्हणाल्या. "पण गोष्ट खरी वाटते हो. नातवंडांसाठी म्हातारा माणूस काहीही कोरत बसतो."

योहानाबाई पुढे म्हणाल्या, या यंत्रानं जग उलटं केलं. आधी पोथी एकाच्या घरात असायची, तो वाचेल ते खरं. मग ती शंभर घरांत गेली. लोक स्वतः वाचायला लागले, धर्मगुरूंशी भांडायला लागले, राजांशी भांडायला लागले. माणसं जाळली गेली छापलेल्या कागदापायी.

"आमच्या फलटणला लग्नपत्रिकेपायी भाऊबंद भांडायचे," शोभाबाई म्हणाल्या. "कुणाचं नाव वर, कुणाचं खाली. इकडे राजे, तिकडे काका-मामा. यंत्र तेच."

आणि बोलता बोलता त्यांचा हात आपोआप एका खणात गेला. बोटांनी एक खिळा उचलला, चिमटीत फिरवला, अंगठ्यानं त्याच्या अंगावरची खाच शोधली. योहानाबाईंनी ते पाहिलं आणि बोलायच्या थांबल्या.

*

चौथीत शाळा सुटली तेव्हा शोभाबाईंना अक्षरं यायची, पण लग्न होऊन फलटणला आल्या तोवर ती बहुतेक विसरली होती. सासरी छापखाना. खाली पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, वर बिऱ्हाड. घरातलं काम आटोपलं की दुपारी सासू खाली पाठवायची: छापून झालेल्या फर्म्यातले, त्या लोखंडी चौकटीतले, खिळे सोडव आणि ज्याच्या त्याच्या खणात टाक. कुठला खिळा कुठल्या खणातला, हे कुणी शिकवलं? गुरुनाथनं. गुरुनाथ जुळारी होता. जाड चष्मा, बारीक बोटं, आणि खिळे जुळवताना ओठ हलत असायचे, पूजा सांगितल्यासारखे.

"वहिनी, हा क. उलटा दिसतो, पण कागदावर सुलटा पडतो. घाबरायचं नाही."

असा एक एक खिळा करत त्यानं तिला वाचायला शिकवलं. उलटं वाचायला. पहिलं वर्षभर वर्तमानपत्र वाचायचं तर शोभा ते आरशासमोर धरायची. नवरा हसायचा. गुरुनाथ हसला नाही. मालकाच्या घरचं पाणी तो ओंजळीनं प्यायचा, पेल्यानं नाही, आणि इतक्या वर्षांत कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. शोभालाही नाही.

त्याचा मुलगा आशुतोष. शाळा सुटली की छापखान्यातल्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करायचा. शेजारी आसावरी बसायची. दोघं मोठी झाली, इंजिनिअर झाली, आणि एक दिवस पुण्याहून आसावरीचा फोन आला, की आम्ही लग्न केलं.

मग वर्षभरानं शैलेंद्रचं लग्न ठरलं. तोवर गावात सगळीकडे ऑफसेट आलं होतं, पण घरच्या लग्नाची पत्रिका घरच्याच ट्रेडलवर व्हायची होती. गुरुनाथनंच ती जुळवली. मालकांनी, शोभाबाईंच्या नवऱ्यानं, लिहून दिलं होतं तसं: वराची बहीण व मेहुणे, सौ. आसावरी व श्री. आशुतोष. फर्मा आवळायच्या आधी शोभाबाई खाली आल्या. एका नजरेत त्यांना ती ओळ दिसली. त्यांनी चिमटा घेतला आणि गुरुनाथच्या समोर त्याच्या सुनेचं नाव उपटलं, त्याच्या मुलाचं नाव उपटलं, एक एक खिळा. जो खिळा ज्या खणातला, तो त्या खणात. इतकं नीट, जसं त्यानं शिकवलं होतं तसं.

गुरुनाथ एवढंच म्हणाला, "वहिनी, खालच्या ओळी वर सरकवू?"

"काही नको. आहे तसं छापा. लोकांना दिसू दे."

त्यानं त्या जागी कोऱ्या पट्ट्या भरल्या आणि पाचशे पत्रिका छापल्या. तोंडानं बोलल्या असत्या तर शब्द वाऱ्यावर गेले असते. चार जणांनी ऐकलं असतं, दोघं विसरले असते. पण ती मोकळी ओळ पाचशे घरांत गेली. लोक पत्रिका हातात घ्यायचे आणि बोट बरोबर त्या जागेवर ठेवायचे. छापलेल्यापेक्षा न छापलेलंच जास्त वाचलं गेलं. शैलेंद्रला पत्रिका हातात पडली तेव्हा कळलं. तो आईला काही बोलला नाही, आणि तेव्हापासून बऱ्याच गोष्टी बोलेनासा झाला. गुरुनाथनं आठवडा भरला, एप्रन घडी करून मेजावर ठेवला आणि गेला. पुढं आशुतोष-आसावरी इकडे आले, त्यांनी त्यालाही आणलं. त्या पत्रिकेला आता नऊ वर्षं झाली.

*

"आई?" शैलेंद्र म्हणत होता. "ऐकतेस ना? ही डच बाजू योहानाबाईंनी खिळ्यांनी जुळवलीय, ती उद्या छापायची. मराठीचे खिळे इथं कुठून येणार? म्हणून कॉम्प्युटरवरून ठसा करून घेतला. हा."

दगडी मेजावर तळहाताएवढा पातळ, पिवळट ठसा होता. त्यावर उलटी अक्षरं उभी होती. अजून शाई लागली नव्हती. शैलेंद्र निर्धास्त होता. उलटं मराठी कोण वाचणार? त्याला स्वतःला ते कोरीव जाळीसारखं दिसत होतं.

"वर नाव आहे ना?" शोभाबाईंनी विचारलं.

"हो."

"मग मी नाही बघणार." आणि त्यांनी वरच्या ओळीवर आपला तळवा ठेवला. झाकलं. झाकता झाकता नजर खाली घसरली. सुलटं वाचायला त्यांना चष्मा लागायचा, उलटं वाचायला लागला नाही.

*आई-बाबा: वैदेही, शैलेंद्र.*

*नाव ठेवणार: आत्या, आसावरी.*

 शोभाबाईंनी तळवा हलवला नाही.

"शैलेंद्र."

"काय?"

"उत्तरा नाव ठेवणार होती ना?"

शैलेंद्रचा चेहरा पडला. लहानपणी शाईच्या डब्यात बोट बुडवताना सापडायचा, तसा. "तुला वाचता आलं?"

"चाळीस वर्षं शिशात वाचलंय मी. तू कालचा कॉम्प्युटरवाला. मला फसवायला निघालास?"

"फसवत नव्हतो. सांगणारच होतो, पण..." तो थांबला. मग एका दमात म्हणाला, "मी ताईला विचारलं. ती म्हणाली, आईनं स्वतः सांगितलं तर येईन. नाहीतर नाही."

"आणि आईनं नाही सांगितलं तर?"

शैलेंद्रनं योहानाबाईंकडे पाहिलं. त्या एकही शब्द न कळता सगळं समजल्यासारख्या उभ्या होत्या. त्यांनी खिशातून एक छोटं पातं काढलं आणि ठशाच्या शेजारी ठेवलं.

"तर ही ओळ कापता येते," शैलेंद्र म्हणाला. "मी विचारून ठेवलंय. कापली की तिथं मोकळी जागा राहील, हवं तर फूल-बिल काहीतरी घालू म्हणाल्या. तू म्हणशील ते, आई. मी काही बोलणार नाही. मागेही बोललो नव्हतो."

शोभाबाईंनी पात्याकडे पाहिलं. चांगलं धारेचं होतं. मागल्या वेळी चिमट्यानं वीस-बावीस खिळे उपटावे लागले होते, आता एका रेघेचं काम. त्यांना धुक्यात तरंगणारी छपरं आठवली, ज्यांच्या खाली काहीच काढलेलं नव्हतं. फूल घालू म्हणे. फुलाच्या जागी काय होतं ते या वेळी कोण वाचणार? ही ठकी वाचेल. मोठी होईल, कार्ड हातात घेईल आणि बरोबर तिथंच बोट ठेवेल.

"फोन लाव तिला," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"नाही, दिवाळीला. आत्ता लाव म्हटलं तर! शुक्रवारी घरून काम करते ना ती?"

"तुला कसं माहीत?"

"मला काय माहीत नाही ते विचार."

फोन लागला. शैलेंद्रनं तो मेजावर ठेवला, आवाज मोठा केला. पलीकडून आसावरी म्हणाली, "बोल रे. काय ठरलं?"

शोभाबाई फोनवर वाकल्या. नऊ वर्षं मनात या लेकीशी त्या रोज भांडत होत्या. तिथं शब्द कमी पडत नव्हते. "मी आहे," त्या म्हणाल्या.

पलीकडून एवढंच, "हं."

"तुझं नाव छापायचंय इथं. छापू का?"

"आधी कधी विचारलं नव्हतंस, छापू का म्हणून."

"आधी छापलं नव्हतं. उपटलं होतं." शोभाबाईंना वाटलं होतं हे वाक्य जड जाईल, ते आपसूक बाहेर पडलं. "चुकलं माझं ते. तुझ्या बापानं लिहून दिलेली ओळ होती. मी उपटली."

आसावरी म्हणाली, आणि तिचा आवाज शोभाबाईंना वाटला होता तितका कठीण नव्हता, "मला काय विचारतेस आई? मी तिथं नव्हते. तू उपटत होतीस तेव्हा समोर कोण उभं होतं, त्यांना विचार. काका इथंच आहेत. देते."

"थांब, आसावरी..."

पण फोन हातातून हातात गेला होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एक खोकला आला, आणि तो खोकला शोभाबाईंनी दोन देशांच्या अंतरावरूनही ओळखला असता.

"वहिनी."

"गुरुनाथ."

"कशा आहात?"

"आहे. तुम्ही?"

"डोळे गेले. एकाला थोडं दिसतं. आसावरी म्हणते, छापखान्यात आहात."

"हो. इथं सगळं तसंच आहे. वास पण." त्या थांबल्या. "गुरुनाथ, त्या दिवशी तुम्ही काही बोलला का नाही?"

"मालकीणबाईंना काय बोलायचं? आणि तुम्ही खिळे बरोबर खणांत टाकत होता. मला वाटलं, शिकवलेलं वाया गेलं नाही. तेवढंच बघत राहिलो." त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. शोभाबाईंनी मेजाची कड धरली.

"मी तुमच्या हातात पाण्याचा पेला कधी दिला नाही," त्या म्हणाल्या. "अक्षर मात्र घेतलं."

शैलेंद्रनं मान दुसरीकडे फिरवली. योहानाबाई शाईचा रूळ पुसत होत्या, पुसलेलाच पुन्हा.

पलीकडून गुरुनाथ छापखान्यातल्या आवाजात म्हणाला, "प्रूफ वाचून झालं का?"

"नाही."

"मग छापता कसं? वाचा. मी ऐकतो."

पूर्वी दोघं असंच करायचे. ती फर्म्यातून उलटं वाचून दाखवायची, तो हातातल्या कागदाशी ताडून बघायचा. आता त्याच्याजवळ कागद नव्हता आणि डोळेही नव्हते.

"वरची ओळ नाही वाचायची," शोभाबाई म्हणाल्या. "नाव आहे. रविवारी तुमची सून सांगेल ते, पोरीच्या कानात."

"बरोबर. पुढं."

"आई-बाबा, दोन टिंबं, वैदेही, स्वल्पविराम, शैलेंद्र, पूर्णविराम."

"हं."

"नाव ठेवणार, दोन टिंबं, आत्या, स्वल्पविराम..." इथं आवाज अडकला. एखादा खिळा फर्म्यात आडवा बसावा, तसा. त्यांनी तो सोडवला. "आसावरी. पूर्णविराम."

"हं. पुढं?"

"पुढं हूफडॉर्प आणि तारीख. झालं."

"झालं?"

"झालं."

गुरुनाथ काहीतरी मोजत असावा. "वहिनी, आजीची ओळ कुठाय?"

शोभाबाईंनी ठशावरून पुन्हा नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे. नव्हती.

"आई, इथल्या कार्डावर आजी-आजोबांची नावं घालत नाहीत," शैलेंद्र घाईघाईनं म्हणाला. "इथली पद्धतच तशी..."

शोभाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आत्यांची नावंही घालत नसणार इथं. पण त्यांनी ते विचारलं नाही. त्यांनी एक जुळवलेली ओळ काढली होती. लेकानं एक ओळ जुळवलीच नव्हती. हिशेब काय तो शैलेंद्रचा शैलेंद्रला ठाऊक, कदाचित त्यालाही ठाऊक नसेल.

"ठसा नवा करून घ्या," गुरुनाथ पलीकडून म्हणाला. "आजीशिवाय बारशाचं कार्ड शोभत नाही. किती दिवस लागतात विचारा."

शैलेंद्रनं विचारलं. योहानाबाईंनी दोन बोटं दाखवली, मग विचार करून तीन. मध्ये शनिवार-रविवार होता.

"आई, थांबू या," शैलेंद्र म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "कार्डं मागाहून पाठवू. मी आज रात्री नवीन करून देतो. खरंच."

"गप रे," शोभाबाई म्हणाल्या. पण त्या म्हणण्यात नेहमीची सुरी नव्हती. "गुरुनाथ, माझी ओळ नको. मी इथं आहे की सगळ्यांच्या समोर. जी नाही तिची छापू."

"बघा हं. एकदा छापलं की छापलं."

"ते मला सांगता?"

पलीकडे दोघं हसली. एक म्हातारं हसू आणि त्याच्या मागं आसावरीचं, नाक ओढत ओढत. "मग छापा," गुरुनाथ म्हणाला.

योहानाबाईंनी पातं उचलून खिशात टाकलं. शोभाबाईंनी तळवा काढून मान वळवली, तशी त्यांनी ठसा यंत्रात बसवला, रूळ फिरवला, वर जाड पांढरा कागद अंथरला. मग शोभाबाईंचा हात धरून लोखंडी दांड्यावर ठेवला आणि स्वतः बाजूला झाल्या. शोभाबाईंनी पदर खोचला. दोन्ही हातांनी दांडा अंगाकडे ओढला. यंत्र आतून कण्हलं, घट्ट झालं, आणि त्यांच्या खांद्यापासून कमरेपर्यंत ते ओझं उतरत गेलं. क्षणभर असं वाटलं की धुकं, तळं, तळ्याच्या तळाशी वसलेली सगळी गावं या दाबाखाली आली आहेत आणि कुठल्यातरी मोठ्या कागदावर उमटतायत. मग दांडा सुटला.

योहानाबाई कागद सोलून काढायला वाकल्या, तशा शोभाबाईंनी डोळेच मिटून घेतले.

"आई, बघ की," शैलेंद्र म्हणाला. "किती सुंदर आलंय."

"रविवारपर्यंत नाही. पालथा दे माझ्या हातात."

फोनमधून आसावरीचा आवाज आला. "आई, काका विचारतायत, दाब सारखा पडलाय का?"

शोभाबाईंनी कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलं. कागदाच्या पाठीवर ओळी किंचित वर आल्या होत्या, ऊब धरलेल्या अंगासारख्या. पहिली ओळ त्यांनी न चाचपता सोडली. दुसरी. मग तिसरीवर बोट आलं, आणि ती कुठंही तुटली नव्हती.

"सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "पडलाय. आणि तू रविवारी दहाला ये, बाराची वाट बघू नकोस. त्यांना बरोबर आण."